तीन खटके

भावोजी आत येऊन स्टुलावर टेकले आणि जीपवाल्याने बाहेरून कडी लावली. कडी लावल्यावर ती दोनदा ओढून बघायची त्याची सवय आहे. दोन धक्के बसले, प्लायवूडचं अख्खं खोकं हादरलं, आणि मला आतली हवा एकदम अपुरी वाटायला लागली. बारा वर्षं मी याच खोक्यात हौसेने बसत आलो होतो. पण हौसेने बसणं वेगळं आणि बसवलं जाणं वेगळं.

"सहाला येतो," जीपवाला दाराआडून म्हणाला. "मधे गोळी ऐकू आली तर तिथून अर्ध्या तासाने."

जीप गेली. ती जाताना भरपूर आवाज करते, मुद्दामच. माणसं निघून गेली असं अस्वलांना वाटावं म्हणून.

आमच्या धंद्यात या खोक्याला लपण म्हणतात. सहा फूट लांब, चार फूट रुंद, उभं राहिलं तर टाळू छताला. आतून काळं जाड कापड ठोकलेलं, ते कायम ओलसर. पुढच्या फळीत लेन्ससाठी एक भोक आणि डोळ्यांपुरती एक काच. कोपऱ्यात झाकणाची बादली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. कडी बाहेरून असण्याला कारण आहे. एका फोटोग्राफरला 'अजून थोडं जवळून' हवं होतं, म्हणून तो दार उघडून बाहेर पडला. तो आता काठी घेऊन चालतो, आणि त्याच्या हौसेपायी आम्ही बाकीचे खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे कोंडले जातो.

त्या दिवशी लेन्सच्या शेजारी एक नवं भोक पाडलेलं होतं. भावोजींच्या बंदुकीसाठी.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आणि या जंगलाचे राखणदार. एकवीस वर्षांत त्यांनी एकाही अस्वलावर गोळी झाडली नव्हती. उलट एकदा विहिरीत पडलेलं पिल्लू दोराने वर काढताना स्वतःचा गुडघा मोडून घेतला होता. तो गुडघा आता या खोक्यात दुमडत नव्हता. त्यांनी पाय लांब केला, तो माझ्या पिशवीवर आला.

"काय शालकराव," ते म्हणाले, "तुमचा राजवाडा फारच ऐसपैस आहे."

मी हसलो. हसणं भाग होतं. त्यांच्या हुकुमाच्या कागदावर लिहिलं होतं: उजव्या कानाला खाच असलेली प्रौढ मादी, एक. खाली लिहिलं होतं: जाणकार व्यक्तीने ओळख पटवल्याशिवाय गोळी झाडू नये. जाणकार व्यक्ती म्हणजे मी. या खोऱ्यात अस्वलांचे कान भांडणात फाटतच असतात. उजवीकडे खाच असलेल्या तीन माद्या माझ्याच फोटोंत होत्या. पण ताईचा हात फाडणारी कोणती, हे मला न बघताही ठाऊक होतं.

ती मावशी होती.

मावशीला सगळे ओळखतात. निदान तिच्या फोटोला तरी. अस्वल समोर बसलंय, मान किंचित वाकडी, ओठ मागे गेलेले, जिभेचं टोक बाहेर, आणि डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. चार फुटांवरून काढलेला फोटो. लोक म्हणतात, ती हसतेय. त्या एका हसण्यावर मला मोठं बक्षीस मिळालं, शाळाशाळांतून बोलावणी आली. विषय ठरलेला: संयम. मी सांगायचो की बारा दिवस न हलता बसलो, आणि तेराव्या दिवशी तिने आपणहून माझ्यावर विश्वास टाकला. पोरं टाळ्या वाजवायची. ताई शिकवते त्या शाळेतही बोललो. ताई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. फोटो तिने जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर लावलाय.

बारा दिवस बसलो हे खरं. तेराव्या दिवशी माझा संयम संपला हेही खरं. लेन्सखालच्या फळीला मी एक भोक पाडलं, त्यातून रबरी नळी बाहेरच्या सपाट दगडावर सोडली, आणि तीन फोटो काढले की नळीतून डब्यातलं घट्ट गोड दूध सोडायला लागलो. खटक, खटक, खटक, मग दूध. मावशीला हे शिकायला चार दिवस लागले. माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या काही विद्यार्थ्यांना याहून जास्त लागतात. पुढे पुढे ती झाडीत कुठेही असो, तीन खटके ऐकले की चालत येऊन दगडासमोर बसायची. चार वर्षं हे चाललं. मग बक्षीस मिळालं, मला थोडी लाज वाटली, आणि नळी काढून मी भोकात फडकं कोंबलं. मी थांबलो. ती कशी थांबेल?

तीन आठवड्यांपूर्वी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी, ती शाळेच्या मागच्या कुंपणाशी आली. मुलं वर्गात होती. ताई मागच्या दारात उभी राहिली, तीस पावलांवर, आणि तिने फोन वर केला. हा फोनही मीच दिलेला. ताईला कमी ऐकू येतं. फोटो निघाला की नाही तेच कळत नाही अशी तिची तक्रार, म्हणून मी त्यात फोटोचा आवाज मोठ्यात मोठा करून दिला होता. आवाजांची एक यादी असते. त्यातला 'जुना कॅमेरा' मी निवडला, कारण तो मला आवडतो.

खांद्यापासून कोपरापर्यंत एकेचाळीस टाके. उजवा हात. डॉक्टर म्हणतात, खांद्याच्या वर आता उचलणार नाही. म्हणजे तिला फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहिता येणार नाही. दवाखान्यात ती मला म्हणाली, "छोट्या, ती रागावलेली नव्हती रे. काहीतरी मागत होती. मीच हात मागे ओढला." मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच. मी तिच्या उशाशी मूग गिळून बसलो आणि संत्रं सोलत राहिलो. चांगली चार संत्री सोलली. तिने एकही खाल्लं नाही.

"हे भोक कसलं?" भावोजींनी बुटाच्या टोकाने फडकं दाबून विचारलं.

"हवेसाठी."

"मग बुजवलंय कशाला?"

"थंडी शिरते."

त्यांनी खिशातून वही काढली. दर दहा मिनिटांनी नोंद करायची असा नियम आहे आणि भावोजी नियमाचे पक्के. त्यांनी लिहिलं: एक वाजून दहा, काही नाही. मग लवंग तोंडात टाकली.

मी कॅमेऱ्याचा आवाज सकाळीच बंद करून ठेवला होता. नव्या कॅमेऱ्यात ती सोय असते. फोटो निघतो, पण शेजारच्यालाही कळत नाही. माझा बेत साधा होता. खटका वाजणार नाही, मावशी येणार नाही, सहा वाजतील, कडी निघेल. मी मान हलवून 'अरेरे' म्हणेन. कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही.

"आज मिळाली तर बरं," भावोजी काचेतून बघत म्हणाले. "उद्यापासून माझ्या हातात काही नाही. शहरातून पाच बंदूकवाले येतायत. त्यांना कानबिन काही सांगितलेलं नाही. दिसेल ते अस्वल."

"असं कसं? हुकूम तर एकाच मादीचा आहे."

"आजच्यापुरता. पालक चिडलेत. त्यांचंही काय चुकलं? उद्या एखाद्या पोराला धरलं तर?" त्यांनी पाय जरा हलवला आणि ते कण्हले. "म्हणून म्हणतो, एक जाऊ दे आणि बाकीची वाचू देत. मला काय हौस आहे?"

माझ्या साध्या बेताचे बारा वाजले. खोक्यातल्या खोक्यात भिंती जवळ आल्यासारख्या झाल्या. ओल्या कापडाचा वास, लवंगेचा वास, बादलीचा वास. उठून दोन पावलं टाकावीत तर टाकायची कुठे? मी स्टुलावर ढुंगण इकडचं तिकडे केलं, एवढीच मोकळीक होती. भावोजींनी लिहिलं: दोन वाजून तीस, काही नाही. दोन चाळीस, काही नाही. त्यांचं अक्षर सुरेख आहे. त्या सुरेख 'काही नाही'चा मला भयंकर राग यायला लागला.

सव्वातीनला डावीकडची झुडपं हलली.

मादी होती. पाठोपाठ दोन पिल्लं, एकावर एक पडत. ती वारुळाशी थांबली आणि नख्यांनी माती उपसायला लागली. मुंग्या ओढताना फुंकर मारल्यासारखा आवाज येतो, तो फळीतून आत ऐकू येत होता. मग तिने मान वळवली आणि उजव्या कानाची खाच स्वच्छ दिसली.

ती मावशी नव्हती. मावशीचा खालचा ओठ डावीकडे लोंबतो, छातीवरचा पांढरा पट्टा मधे तुटलेला आहे. ही वयाने लहान होती, पट्टा अखंड. मला एका नजरेत कळलं. भावोजींना कळणं शक्य नव्हतं.

त्यांनी बंदूक भोकातून पुढे सरकवली. "कान जुळतोय," ते कुजबुजले. "हीच का?"

आता मला जे सांगायचंय ते मी आजवर धड स्वतःलाही सांगितलेलं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हीच म्हटलं तर सगळं मिटतं. हुकूम पुरा होतो, उद्याचे पाच जण येत नाहीत, मावशी वाचते, आणि मीही. माझ्या तोंडून 'हो' निघालं नाही, पण 'नाही'ही निघालं नाही. मी गप्प बसलो.

गप्प बसण्याचा अर्थ भावोजींनी त्यांच्या परीने लावला. सज्जन माणूस दुसऱ्यालाही सज्जनच समजतो. त्यांना वाटलं, माझा जीव तुटतोय म्हणून मला बोलवत नाहीये.

"समजलं," ते हळूच म्हणाले. "तू नको बघूस. मी पिल्लं बाजूला व्हायची वाट बघतो. पिल्लं नंतर चौकीवर नेऊ."

एक पिल्लू आईच्या मागच्या पायावर चढून झोके घेत होतं. आईने न बघताच पाय झटकला. पिल्लू पडलं, पुन्हा चढलं. भावोजींनी श्वास रोखला. मला त्यांचं बोट दिसत होतं, चापावर नेलेलं.

मी कॅमेऱ्याचा आवाज चालू केला आणि बटण दाबलं. खटक. खटक. खटक.

वारुळावरच्या मादीने मान वर केली, एक हुंकार दिला, आणि पिल्लांना पुढे घालून अशी पळाली की मागे नुसती झुडपं हलत राहिली. खरं जंगली अस्वल कॅमेऱ्याच्या आवाजाला असंच वागतं.

"डोकं फिरलंय का तुझं!" भावोजी पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, आणि तेही कुजबुजत. "हातातली घालवलीस! तुला फोटो सुचतायत? बहीण तिकडे डाव्या हाताने शर्टाची बटणं लावतेय आणि तुला फोटो सुचतायत?"

"ती नव्हती, भावोजी."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"थांबा," मी म्हणालो. "ती आता येईल."

"कशावरून?"

नको येऊस, मी मनातल्या मनात म्हणत होतो. दीड वर्ष झालं, दगड कोरडा आहे, विसरली असशील, आता तरी विसर. बारा वर्षं मी जिची वाट बघत बसलो, ती येऊ नये म्हणून त्या दिवशी अक्षरशः हात जोडले.

ती उजवीकडून आली. घाई नाही, भीती नाही, शेजारी चहाला यावं तशी. थेट दगडापाशी आली, दगड चाटला, आणि समोर बसली. मान किंचित वाकडी. ओठ मागे. जिभेचं टोक बाहेर. चार फुटांवर, काचेपलीकडे, टेबलावरच्या भिंतीवरचा फोटो जिवंत होऊन बसला होता. तुटका पट्टा, लोंबता ओठ, कानाची खाच, सगळं जिथल्या तिथे.

भावोजी बंदूक विसरून बघत होते. "अरे, ही तर..."

मावशीने वाट पाहिली. मग उठली, पुढे आली, आणि लेन्सखाली फळीला नाक लावून हुंगायला लागली. आमच्या बुटांपाशी फडकं आतबाहेर व्हायला लागलं. शेवटी ते सुटून आत पडलं, आणि भोकातून तिच्या जिभेचं टोक आत आलं. लांब, ओलं, फळीची कड शोधून शोधून चाटणारं.

भावोजी त्या जिभेकडे बघत राहिले. कितीतरी वेळ. तसे ते सावकाश विचार करणारे, पण वाट चुकत नाहीत.

"हवेसाठी," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"काय देत होतास?"

"दूध. डब्यातलं, गोड."

"किती वर्षं?"

"चार."

"आणि आवाजावर येते." हा प्रश्न नव्हता. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "तुझ्या ताईने त्या दिवशी तीन फोटो काढले होते. फोनमध्ये आहेत. मी मोजलेत, तीन."

मी तेव्हा रडायला लागलो. आवाज न करता, कारण लपणात आवाज करायचा नाही ही सवय हाडात भिनलेली. मला दार उघडून पळून जायचं होतं. पण कडी बाहेरून होती, आणि बाहेर ती होती.

"सोडून द्या तिला," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मी लिहून देतो. पाहिजे तिथे सही करतो."

"आणि उद्या कुणा पोराने फोन काढला तर?" भावोजींचा आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. "तिला आता कोण सांगणार की दूध संपलं? तू सांगशील?"

मावशी पुन्हा मागे जाऊन दगडासमोर बसली. तिला वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं. नीट बसलं की मिळतं.

भावोजींनी बंदूक खांद्याला टेकवली. "तोंडाने सांग," ते म्हणाले. "नियम आहे. मघासारखं गप्प बसून चालणार नाही."

"भावोजी..."

"हीच का?"

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणजे लेन्सकडे. तिला माझा चेहरा कधीच माहीत नव्हता. तिच्या लेखी मी म्हणजे ती गोल काच.

"हीच," मी म्हणालो.

गोळीचा आवाज त्या खोक्यात एवढा मोठा झाला की पुढची दहा मिनिटं कानात नुसती शिट्टी वाजत होती. भावोजींनी काचेतून एकदाच पाहिलं, बंदूक आडवी ठेवली, वही काढली. तीन वाजून चौपन्न. पुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. पेन तसंच धरून बसले.

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. काचेला डोळा लावला नाही, तरी ती चार फुटांवर आहे हे माहीत होतं. भावोजींचा मोडका गुडघा माझ्या मांडीला टेकलेला होता. दोघांनाही अंग चोरायला जागा नव्हती.

"घरी तू सांगायचंस," शेवटी ते म्हणाले. "मी सांगणार नाही. आणि मला विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही."

जीप आली. कडी निघाली. जीपवाल्याने दगडासमोर बघितलं आणि टोपी काढली.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर वहीचा कागद, त्यावर ती डाव्या हाताने मुळाक्षरं गिरवत होती. पहिलीतल्या पोरासारखी, जीभ दातांत धरून. भावोजी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं."

"तिला त्रास नाही ना झाला?"

मी टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेलो आणि फोटो खिळ्यावरून उतरवला. तो वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. मी तो ताईसमोर तिच्या अक्षरांच्या कागदाशेजारी ठेवला.

"अरे, काढलास कशाला? राहू दे की. तिचं एवढं तरी राहील."

"ताई, या फोटोत ती हसत नाहीये."

"मग काय करतेय?"

रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि दुधाच्या डब्यापासून सांगायला सुरुवात केली.